जुन्या न्हाणीघरास नवा रंग

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतील न्हाणीघर म्हटले, की कंबरेइतक्या पांढऱ्या फरशा आणि त्यांवर पोपडे सुटलेला तैलरंग, असा देखावा बहुधा दृष्टीस पडतो. फरशा उखडून नव्या बसविणे बेताच्या मिळकतीत परवडत नाही. तेथे रंग उपयोगी पडतो. परंतु पोपडे सुटतात ते रंग वाईट म्हणून नव्हे. भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडू पाहते, तैलरंगाचा पापुद्रा तिची वाट अडवितो आणि अखेर फुगून निघतो. म्हणून गळका नळ व फरशांचे सांधे आधी दुरुस्त करून भिंत पुरती वाळू द्यावी. येथे घाई करणारा गृहस्थ एकच खर्च दोनदा करतो!

जुना तैलरंग कोरडा खरवडू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. पृष्ठभाग ओला करूनच खरवडावे व मुलांना दूर ठेवावे.

उघड्या गिलाव्यास चुन्याची सफेती सर्वांत स्वस्त. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच्या रूपास येतो आणि ओल कोंडून धरत नाही. तो अंगास लागतो खरा. पण डोक्यावरच्या भागास त्याची काय अडचण?

फरशांवरील साबणाचा थर धुण्याच्या सोड्याने काढावा, काचकागदाने चकाकी मोडावी, आणि अस्तर देऊन दोन घटकांचा इपॉक्सी रंग लावावा. कालवलेला रंग काही तासांतच घट्ट होतो. लागेल तेवढाच कालवावा, खिडकी उघडी ठेवावी. पायाखालची फरशी मात्र रंगवू नये. तिला घासणी पुरे.