क्लॅरेंडन : एका ठळक अक्षराची हकीकत

इंग्रजी शब्दकोशांत एखादा शब्द शोधावयाचा झाला म्हणजे आपलें बोट पानावरून खालीं सरकतें आणि इष्ट ठिकाणीं थांबतें. त्या बोटाला वाट दाखवितें तें जाड, काळें अक्षर. तें पुस्तकाच्या पानांत कसें शिरलें, तेंच आज सांगावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून लंडनच्या टाइप फौंडऱ्या जाहिरातींसाठीं जाडजूड अक्षरें ओतूं लागल्या होत्या. तीं भिंतीवर शोभत. पुस्तकाच्या ओळींत मात्र दांडगाईनें वागत. ही अडचण १८४५ सालीं फॅन स्ट्रीट फौंडरीनें दूर केली. फौंडरीचे चालक रॉबर्ट बेस्ली. ठसे कोरले बेंजामिन फॉक्स यांनीं. अक्षराचें नांव क्लॅरेंडन. कायद्यानें त्याच्या घाटास संरक्षण मिळालें तें अवघें तीन वर्षांचें. मुदत सरतांच इतरांनीं नकला काढल्या, आणि पुढें इंग्रज मुद्रक कोणत्याही ठळक अक्षरास क्लॅरेंडन म्हणूं लागले. (बेस्ली १८६९ सालीं लंडनचे लॉर्ड मेयर झाले, तेव्हां नकलांनीं त्यांचें फारसें बिघडलें नसावें!)

अक्षराच्या दांड्याच्या टोकाशीं जी लहान आडवी पट्टी असते तिला सेरिफ म्हणतात. क्लॅरेंडनमध्यें ही पट्टी चांगली जाड आहे. पण ती काटकोनांत ठोकून बसविलेली नाहीं. झाडाचा बुंधा मुळांत उतरावा तसा दांडा वळण घेऊन तिच्यांत मिळतो. जाहिरातींच्या कांहीं जुन्या ठशांत दांडा अतिस्थूल व रेषा केसासारखी असे, आणि हलक्या कागदावर ती रेषा उडून जाई. येथें जाड व बारीक यांतील अंतर बेताचें आहे. म्हणून लहान आकारांतही अक्षर स्वच्छ उमटतें, आणि शेजारच्या साध्या अक्षराबरोबर एकाच ओळींत नांदतें. हा खरा शोध. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला, तेव्हां त्यांतील मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येंच छापले गेले. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हर्मान आयडेनबेंट्स यांनीं त्यास नवें रूप दिलें.

या अक्षराचा धडा मला एका परीक्षेनें शिकविला. नोकरीच्या आरंभीं इंग्रजीची प्रश्नपत्रिका काढण्याचें काम मजकडे आलें. मुलांना नीट दिसावें म्हणून मीं ती सगळीच जाड खिळ्यांत जुळवून घेतली. ‘सहांपैकीं कोणतेही चार प्रश्न सोडवा’ ही सूचना अर्थात् तशीच जाड होती. काळ्या पानांत ती कोणाला दिसेना. निम्म्या वर्गानें सहाही प्रश्न हातीं घेतले आणि एकही धड पुरा केला नाहीं. एक हुशार मुलगा उत्तरपत्रिका देतांना रडवेला झाला होता. त्याला काय सांगावें हें मला सुचलें नाहीं.

पुढच्या परीक्षेच्या प्रुफावर मीं केवळ ‘कोणतेही चार’ या दोन शब्दांखालीं नागमोडी रेघ ओढली. मुद्रकांच्या खुणांत तिचा अर्थ ‘एवढेंच ठळक’. बाकीचा कागद बारीक खिळ्यांत निघाला.