बाळ बोलत नाही, मग कळायचं कसं?

मुलांनो, दवाखान्यातून आई घरी येते, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं गाठोडं असतं आणि त्या दिवसापासून घराचं घड्याळच बदलून जातं! कामठीत तुमचं घर छावणीकडे असो, कन्हान नदीच्या बाजूला असो की ड्रॅगन पॅलेसजवळ, हे पहिले काही आठवडे सगळीकडे सारखेच. दोरीवर लंगोटांची रांग, स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवांचा वास आणि दर दहा मिनिटांनी आजीचा दम, “हळू बोला रे, बाळ झोपलंय!” कुणाकडे सातव्या दिवशी अकिका, कुणाकडे बाराव्या दिवशी बारसं. तुम्हाला तर एकही पेपर न देता ‘दादा’ किंवा ‘ताई’ ही पदवी मिळालेली असते!

पण चार दिवसांत तुमची थोडी निराशा होते, खरं की नाही? हे बाळ करतं तरी काय? झोपतं, रडतं, दूध पितं, लंगोट ओला करतं. खेळत नाही, तुमच्याकडे बघून हसत नाही. आईला तर तुमच्या गृहपाठाकडे बघायलाही वेळ नाही.

थोडा धीर धरा. या गाठोड्याकडे नीट बघायला शिकलात ना, तर ते दिवसभर काय काय सांगत असतं ते तुम्हाला कळू लागेल.

बाळाचा दिवस

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, पण तुमच्यासारखं सलग नाही. दोन-तीन तासांनी उठायचं, प्यायचं, पुन्हा झोपायचं. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याला अजून शिकायचाय. पोट इवलंसं, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध लागतं. आई दुपारी झोपलेली दिसली, तर ‘मजा आहे बुवा आईची’ असं म्हणू नका. रात्री ती किती वेळा उठली, ते आधी मोजा!

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. घाबरायचं कारण नाही. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. डोक्यावरची मऊ टाळू हलताना दिसते, तीही नेहमीचीच गोष्ट. तिथे दाबून मात्र बघायचं नाही. दार धाडकन आपटलं की बाळ दोन्ही हात पसरून दचकतं. त्याच्या तळहातावर बोट ठेवलं, की घट्ट पकडतं.

आणि त्याला दिसतं किती? एक फुटाची पट्टी घ्या. साधारण तेवढ्याच अंतरावरचं त्याला बरं दिसतं. दूध पाजताना आईचा चेहरा जेवढा लांब असतो, बरोबर तेवढं! आवाज मात्र त्याने आईच्या पोटात असल्यापासून ऐकलेले असतात. म्हणून जवळ बसून हळू आवाजात बोला. तुमच्याकडे बघून ते ओळखीचं हसेल, पण त्यासाठी दीड-दोन महिने थांबावं लागेल.

गडचिरोलीच्या बायकांनी काय केलं?

आता जरा गंभीर गोष्ट. माणसाच्या बालपणात सगळ्यांत नाजूक दिवस कोणते? जन्मानंतरचे पहिले 28. या दिवसांत बाळ आजारी पडलं, तर ते ‘माझं पोट दुखतंय’ असं सांगू शकत नाही. पुष्कळदा ते मोठ्यांदा रडतसुद्धा नाही, उलट गप्प होतं. मोठ्यांना वाटतं, किती शहाणं बाळ, शांत झोपलंय!

आपल्याच विदर्भातल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था 1986 पासून काम करते आहे. 1993 ते 1995 या काळात त्यांनी गावांमधून माहिती गोळा केली, तेव्हा कळलं, की जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 62 बाळं पहिल्या 28 दिवसांतच दगावतात. दवाखाना लांब, रस्ते कच्चे. मग करायचं काय?

डॉक्टरांनी 39 गावांमध्ये गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना शिकवलं. त्यांना नाव दिलं ‘आरोग्यदूत’. त्या घरोघरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या आणि गरज पडली तर शिकवल्याप्रमाणे औषध व इंजेक्शनही द्यायच्या. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, अशा सुइणींसाठी एक साधंसं श्वासमापक यंत्र केलं. त्यात मिनिटभराची वाळू आणि ओळीत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा मणी सरकला, तर श्वास जलद!

तीन वर्षांत दगावणाऱ्या बाळांची संख्या हजारी 62 वरून 25 च्या आसपास आली. 1999 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. 2011 पासून आपल्या देशातल्या आशाताई याच पद्धतीने घरी येऊन बाळ तपासतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. गंमत बघा, आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, काही घरांत चाळीस दिवस. आजीचा हिशेब आणि आशाताईचा हिशेब जवळजवळ जुळतो!

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असंच एक साधं उत्तर सापडलं. 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार पेट्या पुरत नव्हत्या. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून ठेवायला सांगितलं. कांगारूच्या पिल्लासारखं! आईची ऊब पेटीची उणीव भरून काढू लागली. आज आपल्याकडच्या दवाखान्यांतही ही ‘कांगारू पद्धत’ शिकवतात. बाबाही हे करू शकतात बरं का!

तुम्ही काय कराल?

पहिलं काम, शाळेतून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. सर्दी-खोकला असेल तर लांबूनच ‘टाटा’. गालाचा पापा घ्यायचा नाही, पाहुण्यांनाही घेऊ द्यायचा नाही. त्यांना नम्रपणे सांगा, “मावशी, आधी हात धुता का?” हे लहान मुलाने सांगितलं, की कुणी रागावत नाही.

दुसरं काम, श्वास मोजणं. बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल बघा आणि सेकंदकाट्याच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. बाळ कधी भरभर श्वास घेतं, कधी क्षणभर थांबतं, म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. 30 ते 60 च्या मध्ये आकडा आला तर छान. 60 किंवा जास्त आला, तर पुन्हा मोजा. पुन्हा तसाच आला, तर लगेच मोठ्यांना सांगा.

आई-बाबांनो, आता तुमच्यासाठी. बाळ अचानक दूध पिईनासं झालं, अंग सैल पडलं, हाताला फार गार किंवा गरम लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बेंबीभोवती लाली किंवा पू आला, तर सकाळची वाट बघू नका. दवाखाना गाठा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध फेकू नका, ते बाळाचं कवच आहे. सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, पाणी काही नको. आपल्या वैशाखातल्या उन्हातसुद्धा नको! बेंबीवर हळद, तेल, राख नको आणि डोळ्यांत काजळ नको. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडू देऊ नका. उन्हाळ्यात बाळाला टोपडं-मोजे-दुलईत बांधून ठेवू नका. आणि हो, मोठ्या लेकराला रोज पंधरा मिनिटं तरी एकट्याला द्या. तेही तुमचीच वाट बघत असतं.

मुलांनो, एक वही करा. वर बाळाचं नाव लिहा. नाव ठेवलं नसेल तर नुसतं ‘बाळ’ लिहा. रोज तीनच रकाने भरा. दूध किती वेळा प्यालं, लंगोट किती वेळा ओला झाला, श्वास किती. आशाताई आल्या की वही त्यांच्यापुढे ठेवा. बाळाला अजून बोलता येत नाही ना? मग त्याच्या वतीने तुम्ही बोला!