जपानमधील कलावंतांची स्वायत्त दालने : जागा, भाडे आणि परस्परसंबंध

आधुनिक कलेच्या इतिहासलेखनात संग्रहालये, समीक्षक आणि कलाव्यापारी यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे कलावंतांनी स्वतः उभारलेल्या जागांना मिळत नाही. जपानच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. तेथील युद्धोत्तर कलेतील कित्येक महत्त्वाच्या घटना दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत, जुन्या कोठारांत आणि रस्त्यावर घडल्या आहेत. अशा जागा का निर्माण झाल्या आणि त्या अल्पायुषी का ठरल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. (जपानी प्रथेनुसार आडनाव प्रथम लिहिले आहे.)

या प्रश्नाच्या मुळाशी ‘काशि-गारो’ म्हणजे भाडोत्री चित्रदालनांची पद्धत आहे. टोकियोतील गिन्झा हा महागडा भाग या दालनांचे प्रमुख केंद्र होय. येथे दालनाचा मालक सामान्यतः कलावंताची निवड करून त्याच्या कृती विकण्याची जबाबदारी घेत नाही; कलावंतच आठवड्याचे भाडे भरून भिंती घेतो. निमंत्रणपत्रिका छापणे, त्या टपालाने पाठविणे, आल्यागेल्याचे स्वागत करणे हेही बहुधा त्यालाच करावे लागते. या पद्धतीची निर्भर्त्सना करणे सोपे आहे. तथापि समकालीन कलेला विकत घेणारा वर्ग अत्यल्प असताना तिनेच अनेकांना पहिले प्रदर्शन मिळवून दिले, हेही नमूद केले पाहिजे. प्रश्न होता तो भाडे न परवडणाऱ्यांचा, आणि सहा दिवसांत मावणार नाही अशा कलेचा.

प्रारंभी या प्रश्नाला एक उत्तर उपलब्ध होते. ‘योमिउरी’ या वृत्तपत्राने १९४९ पासून टोकियोच्या उएनो भागातील महानगर कला संग्रहालयात परीक्षकांविना खुले वार्षिक प्रदर्शन भरविले. कोणीही कृती आणावी आणि मांडावी, असा परिपाठ असल्याने १९६० च्या सुमारास तेथे टाकाऊ वस्तू, नाशवंत पदार्थ, आवाज करणारी यंत्रे असे सर्व काही येऊ लागले. संग्रहालयाने १९६२ च्या अखेरीस नियम केले : दुर्गंधी येणाऱ्या, कर्कश आवाज करणाऱ्या, छतास थेट टांगलेल्या कृती चालणार नाहीत. ही यादी त्या काळच्या कलेचे उत्तम वर्णन आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. १९६४ चे प्रदर्शन ऐनवेळी रद्द झाले आणि ते पुन्हा भरले नाही.

ही जागा गेली तरी तेथे जुळलेले संबंध उरले. ताकामात्सु जिरो, आकासेगावा गेन्पेई आणि नाकानिशी नात्सुयुकी यांनी १९६३ मध्ये आपल्या आडनावांच्या पहिल्या चित्राक्षरांचे (उंच, लाल, मध्य) इंग्रजी करून ‘हाय रेड सेंटर’ हा गट स्थापिला. शिंबाशी भागातील ‘नाइका’ हे दालन पूर्वी दवाखाना होते. अंतर्गत रोगांच्या वैद्यकाला जपानीत ‘नाइका’ म्हणतात, हेच नाव पुढे राहिले. मे १९६४ मध्ये या गटाने तेथे जे प्रदर्शन केले, त्यात दालनच बंद करून ठेवले आणि अखेरच्या दिवशी उघडले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, ऑलिंपिक सामने चालू असताना, पांढरे अंगरखे घालून त्यांनी गिन्झातील रस्ता काटेकोरपणे घासूनपुसून काढला. भाडोत्री दालनांच्या दारातली ही झाडलोट होती, आणि तिला भाडे पडले नाही.

ओसाका परिसरातील ‘गुताई’ गटाची स्थिती निराळी होती. १९५४ मध्ये हा गट स्थापन करणारे योशिहारा जिरो खाद्यतेलाच्या उद्योगाचे मालक होते. आपल्या मालकीच्या जुन्या कोठारांत त्यांनी १९६२ मध्ये ‘गुताई पिनाकोथेका’ उघडले. गटाचे नियतकालिक परदेशी टपालाने जाई. त्याचे अंक अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या संग्रही त्यांच्या मृत्यूनंतर आढळले. मात्र कोठारे १९७० मध्ये बंद झाली आणि १९७२ मध्ये योशिहारा यांच्या निधनानंतर गटही विसर्जित झाला. एका व्यक्तीच्या औदार्यावर उभ्या असलेल्या संस्थेची ही मर्यादा होती.

अमेरिकेत १९७० नंतर अशा पर्यायी जागांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. जपानमध्ये राष्ट्रीय कलानिधी १९९० मध्ये अस्तित्वात आला. तोपर्यंत खर्च कलावंतांच्या खिशातून होत असे. म्हणूनच जपानमधील या जागांचे अल्पायुष्य हे अपयश मानणे मला योग्य वाटत नाही. जागा सुटते, माणसे दुसरीकडे एकत्र येतात. या चळवळीचा माग इमारतींवरून घेऊ गेल्यास तुटक नोंदीच हाती लागतील. माणसांवरून घेतल्यास सातत्य दिसते.

छायाचित्रणाचे उदाहरण पाहावे. १९७४ मध्ये सुरू झालेली ‘वर्कशॉप’ ही शाळा १९७६ मध्ये बंद पडली. तेव्हा तेथील शिक्षक मोरियामा दाइदो आणि किताजिमा केइझो आदी तरुणांनी शिंजुकूमध्ये ‘कॅम्प’ ही जागा काढली; ती १९८४ पर्यंत चालली. १९७९ मध्ये किताजिमा यांनी तेथे वर्षभर दरमहा प्रदर्शने केली. भिंतींवर छायाचित्रांचा कागद लावून, त्यावर प्रतिमा प्रक्षेपित करून, स्पंजाने रसायन फिरवीत ते प्रेक्षकांसमक्ष चित्र उमटवीत. भाड्याच्या दालनात मालकाने असे करू दिले असते, असे वाटत नाही. पुढे २००१ मध्ये ‘फोटोग्राफर्स गॅलरी’ काढणाऱ्यांत किताजिमाच होते.

१९९३ मध्ये नाकामुरा मासातो यांच्या पुढाकाराने तरुण कलावंतांनी गिन्झाच्या रस्त्यांवरच प्रदर्शन मांडले. त्यात ओझावा त्सुयोशी यांचे ‘नासुबी गॅलरी’ होते. ‘नाबिस’ या नामांकित भाडोत्री दालनाच्या नावाची ही थट्टा. ‘नासुबी’ म्हणजे वांगे. घरोघरी दुधाच्या बाटल्या ठेवण्यासाठी असते तशी लाकडी पेटी घेऊन तिचा अंतर्भाग पांढरा रंगविला, आणि तेच झाले दालन. ओझावा तेथे आपल्या सहकाऱ्यांना प्रदर्शनासाठी निमंत्रित करीत.

नाकामुरा यांनी १९९८ मध्ये ‘कमांड एन’ हा गट काढला. २०१० मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली टोकियोच्या चियोदा प्रभागातील बंद पडलेल्या माध्यमिक शाळेत ‘३३३१ आर्ट्स चियोदा’ हे केंद्र सुरू झाले. नावातील आकडे म्हणजे समारंभाच्या शेवटी तालात वाजविण्याच्या पारंपरिक टाळ्या. रस्त्यावरून सुरू झालेल्या या धडपडीला येथे वर्गखोल्या, व्यायामशाळा आणि अंगण मिळाले. इमारत मात्र प्रभाग प्रशासनाची होती, आणि मार्च २०२३ मध्ये केंद्राला ती सोडावी लागली.