सॅलरीतले मीठ

मुलुंडहून पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपरकडे जाताना डाव्या हाताला खाडीलगत मिठागरे लागतात. ती दिसली की कोणीतरी हमखास सांगतो, ‘रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, म्हणून इंग्रजीत सॅलरी.’ खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्याला ते लगेच पटते. मी भाषाशास्त्र रीतसर शिकलेलो नाही; कोश उघडून बसायची सवय तेवढी आहे. पण कोशात या कथेचा अर्धाच भाग टिकतो.

‘सॅलरी’ चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ लॅटिन ‘सालारियुम’, आणि ते ‘साल’ म्हणजे मीठ यावरून. इथवर ठीक. इ. स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या एकतिसाव्या भागात मिठाची थोरवी सांगतो. मानाच्या पदांच्या आणि सैनिकी सेवेच्या मोबदल्यालाही मिठावरूनच नाव पडले, असे तो लिहितो. बस, एवढेच. सैनिकाच्या ओंजळीत मीठ ओतत, असे तो म्हणत नाही. दुसऱ्या प्राचीन लेखकाचाही तसा दाखला मिळत नाही. सैनिकाच्या वेतनाला नाव होते ‘स्तिपेन्दियुम’. ‘स्तिप्स’ म्हणजे नाणे, ‘पेन्देरे’ म्हणजे तोलणे; ‘स्टायपेंड’ तिथलाच. ऑगस्टसच्या काळी साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारियस मिळत, चांदीचे. ‘मीठ घेण्यासाठीचा भत्ता’ हा अर्थ फार नंतरच्या कोशकारांनी तर्काने लावला. सांगणाऱ्यांनी पुढे भत्ताही गाळला, नुसते मीठ ठेवले.

कथा सांगणारा ज्याला सहज मराठी समजून ‘पगार’ म्हणतो, तो शब्दही लॅटिनच. पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे फेडणे, चुकते करणे. १५३४च्या तहाने वसईबरोबर साष्टी त्यांच्याकडे गेली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळी त्यात आली. मराठ्यांनी १७३७मध्ये साष्टी घेईपर्यंत दोन शतके हा शेजार होता; गोव्यात त्याहून जास्त. त्यांचे क्रियापद आपल्याकडे नाम होऊन बसले.

‘पागार’च्या मागे लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे. तो ‘पाक्स’ म्हणजे शांततेवरून. धनकोचे पैसे देऊन त्याला शांत करायचे, यातून ‘फेडणे’ हा अर्थ निघाला. मला ही व्युत्पत्ती मिठाच्या कथेपेक्षा मोलाची वाटते. त्या कथेत चाकर धन्याचा ऋणी ठरतो. पगारात धनीच देणेकरी असतो. इंग्रजी ‘पे’ही त्याच ‘पाकारे’चा, फ्रेंचमार्गे गेलेला. म्हणजे पे आणि पगार सख्खी भावंडे, आणि ‘पीस’ त्यांच्याच कुळातला.