एकाच कुळातील लहरी

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हे स्थानक लागते. तेथून समुद्राच्या अंगाला तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून चालू आहे, आणि या शेजारामुळे त्या मुलखात किरणांविषयी जी धास्ती सहजच उत्पन्न होते, तिचा उपहास करणे मला अनुचित वाटते. मात्र ती सरसकट असू नये. कारण गच्चीवरचा मोबाइलचा मनोरा, दवाखान्यातील क्ष-किरण यंत्र आणि अणुभट्टी यांना एकाच पंक्तीला बसवणारा मनुष्य भलत्याच ठिकाणी भितो आणि जेथे खबरदारी घ्यावयाची तेथे गाफील राहतो.

या सर्वांच्या लहरींचे कूळ एकच, हे खरे. विद्युत व चुंबकीय क्षेत्रे परस्परांना जन्म देत पुढे सरकतात, त्यांना वाहून नेण्यास हवा वा पाणी लागत नाही, निर्वातात त्या सर्व लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो, आणि प्रकाश हाही त्यांतलाच एक प्रकार आहे, हे मॅक्सवेलने १८६५ साली गणिताने प्रतिपादन केले. पुढे १८८७-८८ मध्ये हर्ट्झने त्या लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. भेद आहे तो तरंगलांबीचा. ती जसजशी आखूड होते, तसतशी लहरीच्या एकेका पुंजातील ऊर्जा वाढत जाते.

सातपाटीसारख्या बंदरातील होड्या ज्या बिनतारी संचावर बोलतात, त्याची लहर सुमारे दोन मीटर लांब असते व ती क्षितिजापलीकडे फारशी वळत नाही, म्हणून अँटेना जितका उंच तितका संभाषणाचा पल्ला अधिक. उलट आकाशवाणीच्या शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरी भूपृष्ठाच्या आश्रयाने दूरवर जातात. मोबाइल, जीपीएस व रडार यांचा कारभार या दोहोंहून आखूड लहरींवर चालतो. बोंबील सुकवणाऱ्या उन्हातील निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्त किरणांची असते, त्यापुढे डोळ्यांना दिसणारा प्रकाशाचा चिंचोळा पट्टा आणि त्याही पुढे त्वचा जाळणारे जंबुपार किरण.

या जंबुपार पट्ट्यातच खरी सरहद्द आहे. तिच्या अलीकडच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढू शकत नाहीत, आणि त्यांतल्या लांब लहरी फार तर पदार्थ तापवतात. पलीकडचे क्ष-किरण आणि गॅमा किरण मात्र तसे करतात व सजीव पेशींना इजा पोहोचवतात. हीच शक्ती विवेकाने वापरली की उपकारक ठरते: कर्करोगाच्या गाठी जाळण्यास, कारखान्यांतील नळांचे सांधे इरिडियम-१९२ च्या किरणांनी तपासण्यास, आणि नाशिक जिल्ह्यात लासलगावी २००२ पासून चालू असलेल्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणे थांबवण्यास. असा कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

अणुभट्टीतील गॅमा किरणांचा बंदोबस्त पाणी, पोलाद आणि जाड काँक्रीट यांनी होतो, त्यामुळे भिंतीबाहेरच्या गावाला भय असलेच तर ते त्या किरणांचे नव्हे, किरणोत्सर्गी द्रव्य हवेत वा पाण्यात निसटण्याचे आहे. म्हणूनच तारापूरच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेत भोवतालच्या पाण्याचे, मासळीचे व अन्नपदार्थांचे नमुने तपासले जातात. मनोऱ्यांविषयी कुजबुजत बसण्यापेक्षा बोईसर-तारापूरच्या रहिवाशांनी त्या मापनांचे आकडे सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, नियमाने लावण्याची मागणी करावी. तो त्यांचा हक्क आहे.