काचेला स्फटिक नकोसे होते तेव्हा

काच करणाऱ्यांनी शतकानुशतके एकाच गोष्टीचा धसका घेतला होता: भट्टीतला रस निवताना त्यात स्फटिकांचे दाणे धरता कामा नयेत. दाणा धरला की काच धुरकट होते, कमकुवतही. आणि तो धरणार की नाही, हे बरेचसे कच्च्या मालाच्या मापावर ठरते.

नुसती शुद्ध वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्याही वर जावे लागते. सोडा घातला की ती कितीतरी लवकर पाघळते. पण तेवढ्यावरच भागवले तर तयार होणारी काच पाण्याला टिकत नाही. तिला टिकाऊपणा देतो चुना. त्याचा हात सैल सुटला मात्र की दाणे आलेच. म्हणून खिडकीच्या काचेत चुन्याचा थोडा वाटा मॅग्नेशियाला देतात. १९२५ साली मोरे आणि बोवेन यांनी वाळू-सोडा-चुना या त्रिकुटाचा नकाशाच मांडला: कोणत्या मापाचा रस किती अंशांना कोणता स्फटिक सोडेल, हे त्यावर पाहता येऊ लागले.

दाणे मुद्दाम धरू द्यावेत, हा विचार त्याआधीचा. फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३९ मध्ये बाटल्या वाळू आणि जिप्समात पुरून दीर्घकाळ तापवल्या. त्या चिनी मातीसारख्या पांढऱ्या झाल्या खऱ्या, पण स्फटिक पृष्ठभागावरून आत वाढत गेले आणि वस्तू ठिसूळ राहिली.

मग १९५३. अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीत संशोधक स्टूकी यांनी काचेची पट्टी ६०० अंशांसाठी भट्टीत ठेवली. भट्टी बिघडून ९०० वर गेली. थारोळे होईल म्हणून दार उघडले तर पट्टी पांढरी आणि जशीच्या तशी! काढताना हातून निसटून जमिनीवर पडली, तरी फुटली नाही. ही गोष्ट सांगताना सगळे श्रेय योगायोगाला मिळते. मला ते पटत नाही. भट्टीत खिडकीची काच असती तर थारोळेच झाले असते. या पट्टीत लिथियम होते, शिवाय चांदीचे सूक्ष्म कण अंगभर विखुरलेले. प्रत्येक कणाभोवती स्फटिक धरला. मोजके मोठे दाणे न होता असंख्य बारीक दाणे झाले, म्हणून मजबुती आली.

पुढे दाणे धरवायला चांदीऐवजी टायटॅनियम ऑक्साइड आले. १९५७ साली अशी मुद्दाम स्फटिक धरवलेली काच पायरोसेरॅम नावाने जाहीर झाली, वर्षभरात तिची स्वयंपाकाची भांडीही. १९६८ मध्ये जर्मनीच्या शॉट कंपनीने याच जातीचे झेरोडुर काढले. त्यातले स्फटिक तापल्यावर आकसतात, उरलेली काच प्रसरण पावते आणि हिशेब जवळपास शून्यावर येतो. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचे ८.२ मीटरचे चारही आरसे याचेच.

स्टूकींच्या पट्टीत धरलेला लिथियम डायसिलिकेट आता दातांच्या कॅपमध्ये बसतो. अर्धवट स्फटिक धरलेला निळसर ठोकळा मऊ असतो, म्हणून आधी तो कोरून दाताचा आकार देतात. मग साधारण ८५० अंशांना भट्टीत फिरवला की निळा रंग जातो, दाताचा रंग येतो आणि चावायला पुरेसा टणकपणाही.