हेमलकशाचं अंगण
आपल्या तिरोड्याला नागझिऱ्याच्या जंगलाचा शेजार आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. गडचिरोलीतल्या हेमलकशात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मागून घेतलं आणि घरी आणलं. मग अस्वलं, हरणं, मगरी, बिबटे येत गेले. घरातली मुलं त्यांच्यासोबतच वाढली. नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहरांनी पुस्तकच लिहिलं.

मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की पोटासाठी शिकार करणाऱ्या तिथल्या माडिया आदिवासींना आमट्यांनी दोष दिला नाही. अनाथ पिल्लं तेवढी मागितली, बदल्यात धान्य दिलं.

मात्र त्यांचं पाहून आपण वन्यप्राणी घरी पाळू नयेत, तो गुन्हा आहे. जंगलात एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका, त्याची आई जवळच असू शकते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.